पाठीला कोण लावणार

वेणूआत्या आमच्याकडे राहायला आली तेव्हा तिच्यासोबत एक ट्रंक होती आणि एक पाटा-वरवंटा. वरूडकडच्या तिच्या गावाहून नागपूर, नागपूरहून इटारसी, तिथं गाडी बदलून जबलपूर, एवढ्या प्रवासात तो दगडी पाटा तिनं गोधडीत गुंडाळून आणला होता. बाबा स्टेशनावर कपाळाला हात लावून उभे राहिले आणि ही म्हणाली, "तुमच्या मुलखात दगड भेटते का नाही, मले काय मालूम!" जबलपुरात दगडांना काय तोटा. शहराच्या चारही बाजूंना हत्तीएवढाले काळे दगड एकावर एक रचल्यासारखे उभे आहेत. ती येताना ते पाहत आली आणि घरात पाय ठेवल्याबरोबर आईला म्हणाली, "दगड लय हायत वं, पण एकाले टाकी लावलेली नाही." टाकी लावणं म्हणजे पाट्याला छिन्नीनं खडबडीत करणं. आई हसली. आईला मी फार कमी वेळा तशी हसताना पाहिलं आहे.

आत्या बाबांची थोरली बहीण. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही, दिरांनी हळूहळू तिला स्वयंपाकघरातून ओसरीवर आणि ओसरीवरून गोठ्याकडे सरकवलेलं. बाबा जबलपूरलगतच्या खमरियाला दारूगोळ्याच्या फॅक्टरीत होते. आम्हाला क्वार्टर मिळालं होतं: दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागं पडवी, पडवीच्या कडेला पाण्याची टाकी आणि पेरूचं झाड. सकाळचा भोंगा झाला की गल्लीतल्या सगळ्या सायकली एकदम निघत, घंट्या वाजत, आणि दोन मिनिटांत गल्ली अशी रिकामी होई की आत्याच्या भाकरी थापण्याचा आवाज शेजारच्या मिश्रा काकूंना ऐकू जायचा. त्या भिंतीपलीकडून हाका मारत, "दीदी, आज चटनी पिस रही हो क्या?" आत्याला हिंदी येत नव्हती आणि ती शिकलीही नाही. ती वऱ्हाडीत बोलायची, मिश्रा काकू त्यांच्या बोलीत, आणि दोघींचं तासन्‌तास जमायचं. जवसाची चटणी, कच्च्या टमाट्याची चटणी, थंडीत सांबार स्वस्त झाला की सांबारवड्या. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे मी आता नातवंडांना समजावून सांगते. त्यांना मराठी कळतं, बोलायला मात्र येत नाही. ती मला 'दादी' म्हणतात.

आम्हा मुलांचं जवळजवळ सगळं आत्याच करी. आईची तब्येत तोळामासा, धाकटा प्रमोद झाल्यापासून तिची कंबर धरलेली असे. वेणी आत्या घाली, डबा आत्या भरी, धुणं तेवढं आईकडे असे, मी निजायची तीही आत्याजवळ, एकाच रजईत. हे मी मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढं जे झालं ते त्या रजईतूनच झालं.

मी आठवीत होते. दसऱ्याच्या सुट्टीत शाळेचं शिबिर गेलं होतं, नर्मदेच्या काठी, भेडाघाटच्या बाजूला. आठ दिवस तंबूत राहायचं, कवायत करायची, नदीवर कपडे धुवायचे. पांघरुणं कमी पडली म्हणून बाईंनी दोघीदोघींना एक रजई दिली. माझ्या वाट्याला जी मुलगी आली तिचं नाव मी इथं लिहीत नाही. ती भली मुलगी होती, तिचा यात काही दोष नाही. ती रात्रभर बोटांच्या बेचक्यांत खाजवायची आणि सकाळी हसून म्हणायची, "मच्छर हैं यार." मीही तेच समजले.

घरी आल्यावर जवळजवळ महिनाभर काहीच झालं नाही. दिवाळी झाली. चकल्या संपल्या, थंडी पडायला लागली, आणि मला खाज सुटली. आधी बोटांच्या मधे, मग मनगटाला, मग कमरेला, बेंबीभोवती, आणि जिथं तेरा वर्षांची मुलगी कुणाला दाखवणार नाही अशा ठिकाणी. दिवसा सहन व्हायची. अंथरुणात ऊब आली की अशी उसळायची की मी दातांत रजई धरायची. लाल पुरळ, आणि नीट पाहिलं तर कातडीत सुईनं ओढल्यासारखी बारीक वाकडी रेघ. मी कुणाला सांगितलं नाही. पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालायला लागले, हात पाठीमागे धरून उभी राहायला लागले. मला वाटायचं, हा माझ्याच अंगाचा काहीतरी घाणेरडेपणा आहे, नुकतंच जे अंगात बदलून राहिलं होतं त्यातलाच एखादा.

मग आत्याला खाज सुटली. आत्याला लाज नावाची गोष्ट नव्हती. ती चुलीपुढं बसून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "बाप्पा, माह्या बोटायच्या बेचकीत काहीतरी चावून राहिलं वं!" आणि हात पुढे करून आईला दाखवला. आठवडाभरात प्रमोदच्या तळव्यांवर पुरळ आलं. पाच वर्षांचं पोर, रडून रडून निळं व्हायचं. आईनं मग माझीही बोटं पाहिली. पण तोवर घरात ठरून गेलं होतं: खरूज आधी आत्याला झाली, तिच्यापासून मुलांना. मी मान खाली घालून उभी राहिले. तेव्हा बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

सुरुवातीला सगळे उपाय घरातलेच. कडुलिंबाचा पाला उकळून त्या हिरव्या पाण्यानं आंघोळ. करंजाचं तेल, ज्याचा वास आमच्या वह्यापुस्तकांनाही लागला. मिश्रा काकूंनी मोहरीच्या तेलात कापूर घालून दिला. त्यानं तेवढ्यापुरतं गार वाटायचं आणि खाज दुप्पट होऊन यायची. शेवटी बाबा आम्हाला फॅक्टरीच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी बोटं पाहिली आणि मान वर न करताच म्हणाले, "खुजली है. कीड़ा होता है, आँख से दिखता नहीं." पांढऱ्या औषधाची मोठी बाटली दिली आणि बाबांना बजावून सांगितलं, "पूरे घर को लगाना है. एक ही दिन. गले से नीचे, पाँव के तलवे तक. जिसको खुजली नहीं है उसको भी. कपड़े-बिस्तर सब उबालना. एक आदमी भी छूटा तो फिर लौटेगी."

हे मी स्वतः ऐकलं आहे. बाबांनीही ऐकलं. घरी आल्यावर त्यांनी बाटलीचं बूच काढलं, वास घेतला आणि पुन्हा लावलं. "मला काय झालंय? मी रोज कामावरून आलो की साबणानं आंघोळ करतो. हे लावून फॅक्टरीत जाऊ?" आईनं फक्त हातांना लावलं, बाकी अंगाला लावायला तिला वेळ झाला नाही. मी आईपुढं फ्रॉक काढायला तयार होईना, तेव्हा हातपाय तेवढे माखले. पूर्ण लावलं ते प्रमोदनं आणि आत्यानं. ते औषध खरवडलेल्या कातडीला असं झोंबतं की प्रमोद अंगणभर पळत सुटला आणि आत्या त्याच्यामागं, दोघंही पांढरी, दोघंही ओरडत. गल्ली हसत होती. आत्याही हसत होती. त्या घरातलं तिचं हसणं मला तेवढंच शेवटचं आठवतं.

दहाबारा दिवस बरं वाटलं आणि खाज परत आली. डॉक्टर म्हणाले तशीच. पण आईला वाटलं, औषध लागू पडलं होतं, आत्यामुळे पुन्हा झालं. आई दुष्ट नव्हती. मी आता तिच्या वयाच्या दुप्पट झाले आहे, म्हणून हे म्हणू शकते. ती दमलेली होती, पोर रडत होतं, आणि कुणावर तरी बोट ठेवल्याशिवाय माणसाला झोप लागत नाही. आधी आत्याचं ताट वेगळं झालं. मग तिची बाज पडवीत गेली. मग आई म्हणाली, "बाई, तुम्ही काही दिवस पीठ मळू नका," आणि भाकऱ्यांचा आवाज बंद झाला. पाटा भिंतीला टेकून उभा राहिला. आत्या पडवीत बसून पेरूच्या झाडाकडे पाहायची. जेवण वाढलं की म्हणायची, "ठेव तिथंच, मी घेतो." मला तिच्याजवळ निजायची बंदी झाली. माझं अंग तिच्याइतकंच भरलेलं होतं, फक्त ते स्वेटरात होतं.

पांढरं औषध दुसऱ्यांदा आणलं ते एकट्या तिच्यासाठी. रोज संध्याकाळी ती पडवीत पडदा लावून ते लावायची. एके दिवशी मी अंगणातून कपडे काढत होते, तर आतून हाक आली, "नलू, ये वं लेकरा. माह्या पाठीले लावून दे. माहा हात पुरत नाही."

मी पडद्यापर्यंत गेले. ती माझ्याकडे पाठ करून बसली होती. पाठ खांद्यांच्या मधे ओरबाडलेली, रक्ताच्या बारीक खपल्या. बाटली तिनं मागं धरली होती. स्वयंपाकघरातून आई म्हणाली, "नलू, अभ्यास करून राहिली होतीस ना तू?" आवाज चढवलाही नाही तिनं. मी पडदा सोडला आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी खिडकीतून पाहिलं. आत्यानं पेरूची एक लांब काटकी घेतली होती, तिच्या टोकाला लुगड्याचा तुकडा बांधला होता, तो औषधात बुडवून ती खांद्यावरून मागं नेत होती आणि अंदाजानं फिरवत होती. एकदा उजवीकडून, एकदा डावीकडून. मधली जागा कोरडीच राहत होती. ते मला दिसत होतं, तिला दिसणं शक्य नव्हतं.

मागच्या हिवाळ्यात माझा नातू भोपाळच्या होस्टेलमधून हीच खाज घेऊन आला. सून त्याला चामडीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली, येताना मलमाच्या ट्यूबा घेऊन आली आणि जेवणं झाल्यावर म्हणाली, "चलो, सब लोग लगाओ. आई, तुम्ही पण." मी म्हटलं, मला काही नाही. ती म्हणाली, "नसलं तरी." दार लावून तिनं माझ्या पाठीला मानेपासून कमरेपर्यंत मलम चोळलं, गप्पा मारत, आपल्या ऑफिसातलं काहीतरी सांगत. आठवड्यानं पुन्हा एकदा लावलं. चादरी उकळल्या, संपलं. नातू हसत परत गेला. सुनेला कळेना की आई मलम लावून घेताना का रडून राहिल्या. मी तिला म्हटलं, झोंबलं. हे मलम झोंबत नाही.

आत्याचं खरं नुकसान झालं ते त्या पांढऱ्या औषधानंतरच्या उपायानं. आईला कुणीतरी सांगितलं की शहरात फव्वारा बाजारात रस्त्यावर बसणारा एक जडीबुटीवाला आहे, त्याच्या लेपानं जुनाट खरूज तीन दिवसांत उतरते. आईनं तो लेप आणवला. निळसर रंगाचा, तेलात कालवलेला. त्यात मोरचूद होतं हे नंतर दवाखान्यात कळलं. आत्यानं निमूट दोन्ही हातांना लावला. रात्रीतून हात सुजून भाकरीसारखे झाले, सकाळी कातडी सुटली, बोटांमधून पाणी गळायला लागलं. ती ओरडली नाही. नुसती म्हणत होती, "जळून राहिलं, माय, जळून राहिलं."

आता गल्लीला दिसेल असं काहीतरी झालं होतं. नळावर बायका गप्प व्हायला लागल्या. मिश्रा काकूंची भिंतीवरची हाक बंद झाली. आणि एका दुपारी कुणीतरी आईला विचारलं, "बहनजी, कहीं वो बड़ी बीमारी तो नहीं?" बडी बीमारी म्हणजे महारोग. आई घरी आली ती पांढरीफटक होऊन.

बाबा कामावरून आले तेव्हा तिनं त्यांना आतल्या खोलीत नेलं. मधे फक्त दार होतं, मी दाराशीच होते.

"काहून ऐकून घ्यायचं लोकांचं?" बाबा म्हणाले. "डॉक्टर म्हणतो खुजली आहे. खुजलीच आहे."

"डॉक्टर काय नळावर येतो का? पोरीची जात आहे घरात. पाचसहा वर्षांनी तिला दाखवाल तेव्हा लोक हेच काढतील."

"ती माझी बहीण आहे. तिला कुठं टाकू?"

"टाका कोण म्हणतं? दामूभाऊजींकडे ठेवा. बरं वाटलं की आणा."

 मग बाबांच्या नखांचा आवाज आला, कर्रकर्र, कमरेजवळ पट्ट्याखाली खाजवण्याचा. तो आवाज मी कितीतरी दिवसांपासून ऐकत होते. आईही ऐकत असेल.

दामूकाका म्हणजे बाबांचे दूरचे मावसभाऊ. जबलपूरजवळच्या मझौलीला शाळामास्तर होते, थोडी शेती होती, मटार लावायचे. आत्याला रविवारी पहिल्या बसनं न्यायचं ठरलं.  ट्रंक तिनं स्वतः भरली, सुजल्या हातांना फडकं गुंडाळून. आई म्हणाली, "पाटा मागून पाठवते, बाई." आत्या म्हणाली, "राहू दे. तुमाले चटणी लागंन." प्रमोद तिच्या पदराला लोंबकळायला गेला तर तिनंच त्याला पायानं अलगद दूर केलं. मी दारात उभी होते. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नलू, दूरच राह्य बेटा." आणि मी दूरच राहिले. स्वेटरच्या बाह्या बोटांपर्यंत ओढून, चौकटीला टेकून, ती बाबांच्या मागं मागं गल्लीच्या टोकाशी वळेपर्यंत.

आत्या गेली, खाज गेली नाही. आईनं पडवी धुतली, बाज उन्हात ठेवली, गोधड्या जाळल्या. आठ दिवसांनी प्रमोद पुन्हा रात्रभर रडला. मग बाबांचं असं वाढलं की त्यांना लपवता येईना. कमरेभोवती फोड पिकले, ताप आला. फॅक्टरीच्या दवाखान्यात नव्यानं आलेल्या एक सिस्टर होत्या, उंच, करड्या आवाजाच्या. त्यांनी बाबांना पाहिलं, आमचा जुना कागद पाहिला आणि संध्याकाळी ड्यूटी संपवून थेट आमच्या क्वार्टरवर आल्या. दारातच म्हणाल्या, "घर में कितने लोग हैं? सब बाहर आओ."

त्यांनी एकेकाला तपासलं. माझा स्वेटर काढायला लावला. दार बंद करून, आईला बाहेर ठेवून, त्यांनी माझं सगळं अंग पाहिलं आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला. "बेटा, तुझको तो बहुत पुरानी है. बताया क्यों नहीं?" मी रडायला लागले. त्यांनी काही न विचारता मला मानेपासून तळव्यांपर्यंत औषध लावलं, बोटांच्या मधे, नखांच्या खाली, पाठीला. मग आईला लावायला लावलं, बाबांना लावायला लावलं. तीन संध्याकाळी त्या रोज आल्या. मोठ्या हंड्यात कपडे उकळले, रजया उन्हात टाकल्या. दुसऱ्या दिवशी बाबा म्हणाले, "सिस्टर, मुझे कहाँ से हुई होगी?" त्या म्हणाल्या, "फ़ैक्टरी में आजकल बहुतों को है. आप वहाँ से ला सकते हैं, कोई भी ला सकता है." आणि आईकडे वळून विचारलं, "सबसे पहले किसको हुई थी?"

"मेरी ननद को," आई म्हणाली. "अब यहाँ नहीं है."

"उनका इलाज किसने किया?"

 सिस्टरनी एक बाटली काढून टेबलावर ठेवली. "ये उनके लिए. और पीठ पर कोई दूसरा लगाए. अपने हाथ से पीठ पर नहीं लगती."

तीन आठवड्यांत आमच्या घरात कुणालाच खाज उरली नाही. इतकं सोपं होतं ते.  सिस्टरचं "आप वहाँ से ला सकते हैं" एवढंच बाबांनी धरून ठेवलं होतं. एका सकाळी चहा पिता पिता म्हणाले, "मी आणली. मी फॅक्टरीतून आणली आणि बाईला घराबाहेर काढलं." आई म्हणाली, "असं काही नाही." मी समोरच बसले होते, पोळी चहात बुडवून खात होते. मी ती पोळी खाऊन संपवली.

पुढच्या रविवारी बाबा मला घेऊन मझौलीला गेले. बाटली त्यांनी मांडीवर धरली होती. मटाराचा मोसम भरात होता. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पोती, बैलगाड्या, तोडणाऱ्या बायकांचे घोळके, सगळ्या हवेला त्या हिरव्या शेंगांचा गोडसर वास. दामूकाकांनी आम्हाला घरात बसवलं नाही, थेट शेतावर नेलं. आत्या तिथंच राहत होती, शेताच्या कडेच्या एका खोलीत. खोलीपुढं ती आणि कुंडमकडची एक म्हातारी बाई, फूलबाई नाव तिचं, एकाच टोपलीत हात घालून मटार सोलत होत्या.

आत्याचे हात बरे झाले होते. कातडी गुलाबी, नवी, जागोजागी डागाळलेली, पण बरी. बाबांनी बाटली पुढं केली तर ती म्हणाली, "आता कशाले? झालं ना बरं." मग फूलबाईकडे मान करून सांगितलं, "इनं केलं." गंधक कुटून, मोहरीच्या तेलात कढवून, फूलबाईनं रोज सकाळी तिला उन्हात बसवून सगळ्या अंगाला चोळलं होतं. कपडे राखेच्या पाण्यात उकळले होते. आणि स्वतःच्याही अंगाला तेच लावलं होतं. फूलबाई हसली. तिला पुढचे दात नव्हते. म्हणाली, "पीठ में ओको हाथ नई पहुँचत रहो. तो हम लगा दए."

बाबा मातीत बसले. फॅक्टरीचे बूट, इस्त्रीचा शर्ट, तसेच. म्हणाले, "बाई, माझ्यामुळं झालं. मीच आणली होती फॅक्टरीतून. नाव उगाच तुझं आलं. घरी चल."

मी बाबांच्या मागं उभी होते. आत्यानं त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे पाहिलं. किती वेळ पाहिलं ते मला सांगता येत नाही. मी खाली मटाराच्या सालांकडे बघत होते. मग ती म्हणाली, "जाऊ दे रे. थंडीचं होते असं कोणालेही. कोनं आनलं अन् कोनं नाही, त्याचा काय हिशेब ठेवतं?"

"मग चल."

"नाही येत, भाऊ."

"काहून?"

तिनं सोललेले दाणे एका बाजूला केले. रागात नव्हती ती. रागात असती तर बाबांना बरं वाटलं असतं. "तुह्या घरी मी ताट उचलाले जाईन, त तुही बायको 'असू द्या' म्हनंन. चांगल्या मनानं म्हनंन. पण माहा हात थांबंन ना. आता जन्मभर थांबंन तो. इथं ही बाई माह्याच ताटात जेवते." आणि उठून तिनं माझ्यासाठी एका फडक्यात मटार बांधले. ते मला दिले नाहीत, बाबांच्या हातात दिले.

बसमध्ये बाबा खिडकीकडे तोंड करून बसले. मला बोलायचं होतं. सिहोरा गेलं, पनागर गेलं, प्रत्येक थांब्यावर मी ठरवत होते की पुढच्या थांब्याच्या आधी सांगायचं. खमरियाला उतरलो तेव्हा आई दारात उभी होती. बाबांनी मटार तिच्या हातात दिले आणि "नाही आली" एवढंच म्हणून आत गेले.

त्यानंतर बाबा तीनचारदा मझौलीला जाऊन आले. ती आली नाही. दुसऱ्या वर्षीच्या आषाढात तिला काविळीचा ताप भरला आणि पाच दिवसांत ती गेली. निरोप पोचला तेव्हा माझी चाचणी परीक्षा चालू होती. बाबा एकटे गेले. परत येऊन इतकंच म्हणाले की आंघोळ फूलबाईनं घातली.

पुढं माझं लग्न झालं, जबलपुरातच. माहेर सायकलच्या अंतरावर होतं. बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सुटलं, आणि एका वर्षी झोपेतच गेले. आई त्यांच्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. शेवटची दोन वर्षं ती माझ्याकडेच अंथरुणावर होती. तिला कूस वळवावी लागे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रोज पावडर लावावी लागे. असंच एके दिवशी तिला कुशीवर धरलेलं असताना, तिचं तोंड भिंतीकडे असताना, मी सांगून टाकलं.

"आई, ती खरूज मी आणली होती. शिबिरातून. आत्यानं नाही, बाबांनी नाही. मी."

 मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही. मी पावडर लावत राहिले. मग ती भिंतीलाच सांगितल्यासारखी म्हणाली, "मला माहीत होतं."

"कधीपासून?"

"दिवाळी झाली तेव्हापासूनच. तुझे कपडे मीच धुवायची ना. आतून रक्ताचे ठिपके असायचे."

"मग बोलली काहून नाहीस?"

आई थकून गेली होती. दोन शब्दांमधे श्वास घेत होती. "तुझं व्हायचं होतं सगळं. बाईंचं... त्यांचं होऊन गेलं होतं."

मी तिला हलकेच उताणं केलं, उशी नीट केली, पाणी पाजलं. आम्ही त्या विषयावर पुन्हा बोललो नाही. ती गेल्यावर लोक म्हणाले, मुलीनं आईचं फार केलं. केलं, खरं आहे.

मला आता आईवर राग येत नाही, स्वतःवरचाही जुना होऊन बोथट झाला आहे. राहून राहून डोळ्यांसमोर येतात ते बाबा. आत्या गेल्यापासून दरवर्षी आषाढात, तिच्या तिथीला, बाबा जेवत नसत. पाणीसुद्धा दुपारनंतर. मी लग्नानंतरही त्या दिवशी माहेरी जायची. आई ताट वाढून त्यांच्यासमोर ठेवायची, मी म्हणायची, "बाबा, दोन घास तरी खा, तुमचा काय दोष त्यात," आणि ते मान हलवून म्हणायचे, "मीच आणली होती, नलू." जवळजवळ वीस वर्षं. आम्ही दोघी त्यांच्या दोन बाजूंना बसलेल्या असायचो, दोघींनाही ठाऊक होतं, आणि ते ताट झाकून ठेवून आम्ही दोघी जेवून घ्यायचो.